तिकिटामागे

मलबार हिलच्या सरकारी अतिथिगृहात, दुसऱ्या मजल्यावर,
फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी
दिल्लीची समिती बसली होती.
विषय: प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा अभ्यास करण्यासाठी
आयोग नेमावा काय,
याचा अभ्यास.
सदस्य अकरा. हजर सात.
मराठी साक्षींपुरती मला मंत्रालयातून उसनी घेतलेली.
खिडकीकडे पाठ, चार पेन्सिली, चारही तासलेल्या.

सकाळी रोशन भरूचा, माटुंग्याला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या.
फळ्यावर त्यांनी एक मतदारसंघ मांडला:
जिंकणाऱ्याला चौतीस, बाकी सगळ्यांना मिळून सहासष्ट,
आणि सहासष्टांपुढे शून्य.
मग भागाकार, मग शेष.
ज्याचा शेष मोठा, उरलेली जागा त्याची.
हे आपल्या लोकांना झेपेल काय, एका सदस्यांनी विचारलं.
(चहा.)

जेवणानंतर साक्षीदार क्रमांक नऊ.
जनार्दन भिवा पडवळ, बेस्टचे निवृत्त वाहक,
वडाळा डेपो, बिल्ला सात हजार एकशे त्रेचाळीस.
गळ्याचं बटण लावलेलं.
अर्ज पोस्टकार्डावर आला होता.

"साहेब, त्या बाई शेष म्हणाल्या,
ते सुट्ट्यांबद्दल ना?"
(हशा.)
"हसायला काय झालं? बत्तीस वर्षं मी हेच केलं.
कोणी पाचाची नोट दिली, तिकीट दीड रुपया,
पाकिटात माझ्याकडे साडेतीन नाहीत.
तर म्हणू का, तुमचे पैसे बुडाले, बसा गप?
तिकिटामागे लिहायचो, साडेतीन, खाली आडवी रेघ.
उतरताना मागून घ्या.
कोणी विसरून उतरलं, तर सायनच्या सिग्नलला
खिडकीतून हाका मारून दिलेत.

सत्तावन्न सालापासून मत देतोय. दहा वेळा.
दहाही वेळा माझा माणूस पडला,
एकदा तर डिपॉझिट गेलं.
पडला तर पडला, त्याचं नाही काही.
माझं मत कुठं गेलं?
कोणी मागे लिहून ठेवलंय का,
पडवळांचे एवढे देणे?"

एक सदस्य, डोळे मिटलेले होते ते, म्हणाले:
"गाडीला चार ड्रायव्हर बसवले तर गाडी हलेल का?"
"ड्रायव्हर एकच असू दे साहेब,
मी कंडक्टरचं बोलतोय."
(व्यत्यय.)
अध्यक्ष म्हणाले, आपला मुद्दा नोंदवला.
लघुलिपीत 'नोंदवला' म्हणजे एक आकडी
आणि तिच्या पोटात टिंब.
हात न उचलता होतो.

पडवळांनी प्रवासभत्ता घेतला नाही.
म्हणाले, पास आहे.

पुढच्या थंडीत सभागृह विसर्जित झालं,
विधेयक व्यपगत.
छापील वृत्तान्तात ती दुपार एका ओळीची:
'एका साक्षीदाराने सर्वसाधारण पाठिंबा दर्शवला.'
नंतर आणखी कोणी मांडलं, शुक्रवारीच, दुपारी साडेतीनला,
जेव्हा विमानं पकडायची असतात.
गणसंख्या नव्हती.

माझ्याकडे चौथी कार्बन प्रत राहिली.
'हशा' ठळक उमटलाय.
'देणे' पुसट,
दिव्यासमोर धरलं तर वाचता येतं.

काल वडाळ्याला बसमध्ये पन्नासची नोट दिली.
मशीन घेतलेली पोरगी म्हणाली, सुट्टे नाहीत आजी, नंतर देते.
मी पर्समधून पेन काढलं,
तिकीट उलटं केलं.
मागे कुठल्याशा क्लासची जाहिरात,
दहावी, बारावी, शंभर टक्के निकाल,
काठापर्यंत छापलेली.